जिंकायचं काहीच नाही, नुसतं पाण्यात फिरायचं

मागच्या अंकात मी अब्झू नावाच्या समुद्राखालच्या गेमबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की एक पाणबुड्या आहे, तो समुद्रात पोहत जातो, मासे बघतो, आणि मला दिवसभराच्या कामानंतर हा गेम लावून बसायला फार आवडतं. त्या चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं! म्हणून या वेळी सगळं सदर समुद्रालाच देतेय. पत्रं लांब होती ती थोडी कापलीयेत, रागावू नका. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी ५८ वर्षांची आहे, नाशिकला असते. मुलगा दिवाळीत आला होता तेव्हा त्याने टीव्हीला ते यंत्र जोडून अब्झू लावला आणि मी शेजारी मटार सोलत बसले होते, मटार तसेच राहिले आणि मी दोन तास बघत बसले. मग त्याने माझ्या हातात रिमोटसारखं ते दिलं आणि मी पण पोहले. पण मला एक कळलं नाही, याच्यात जिंकायचं काय असतं? पॉइंट नाहीत, आऊट होत नाही, मग याला गेम का म्हणायचं? आणि मला एवढं का आवडलं?

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण तुम्हाला जो प्रश्न पडला तोच हा गेम करणाऱ्यांनीही स्वतःला विचारला असणार असं मला वाटतं. अब्झू २ ऑगस्ट २०१६ ला आला, कंपनीचं नाव जायंट स्क्विड, म्हणजे आपल्या भाषेत राक्षसी माकूल. तिचा प्रमुख मॅट नावा, त्याने आधी फ्लॉवर आणि जर्नी या दोन गेम्सचं कलादिग्दर्शन केलं होतं, आणि तो स्वतः स्कूबा करणारा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणारा माणूस आहे. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण पाण्याखाली गेलेल्या माणसाला माहीत असतं की तिथे पहिली गोष्ट काय होते, तर वरचा सगळा आवाज बंद होतो आणि अंग हलकं होतं. ते हलकं होणं त्याने गेममध्ये आणलंय.

आता आधीचे गेम्स बघा. ज्यांनी लहानपणी व्हिडिओ गेम खेळलेत त्यांना विचारा, पाण्याची लेव्हल आली की पोटात गोळा यायचा. १९९१ च्या सॉनिकमध्ये पाण्याखाली जास्त वेळ राहिलं की पाच चार तीन दोन असे आकडे डोक्यावर यायला लागायचे आणि ते घाईघाईचं संगीत वाजायचं, मला अजून आठवलं की श्वास अडकतो. पाणी म्हणजे मरण, पाणी म्हणजे घड्याळ, असंच वर्षानुवर्षं चालत आलं. अब्झूने ते घड्याळच काढून टाकलं. श्वासाचा मीटर नाही, जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी नाही, स्क्रीनवर एकही आकडा नाही, आणि तुम्ही मरूच शकत नाही. पुढे एका ठिकाणी पाण्यात त्रिकोणी यंत्रं लागतात, त्यांच्याजवळ गेलं तर विजेचा झटका बसतो, पण तिथेही पाणबुड्या नुसता फेकला जातो आणि परत पोहायला लागतो.

तर जिंकायचं काय, तर काही नाही. तळाशी छोटी डबकी असतात, तिथे हात लावला की नवीन जातीचे मासे भसाभस बाहेर येतात. पुढे ओसाड करड्या जागा लागतात त्यांच्यात रंग परत येतो. एवढंच तुमचं काम. आणि तुम्हाला का आवडलं हे मी कोण सांगणार, पण माझ्या आईवरून एक सांगते, आपल्या बायकांचा दिवस सगळा हिशेबात जातो, किती वाजले, किती शिट्ट्या झाल्या, गॅस कधी संपेल, आणि मग दोन तास अशी एक जागा मिळते जिथे कोणी तुम्हाला काही विचारत नाही, उशीर झाला म्हणत नाही. मटार राहिले तर राहू देत. गेम म्हणायचं की नाही यावर लोक वाद घालतात, मी घालत नाही, लहान मूल पाण्यात हात घालून खळबळ करतं त्याला आपण खेळणंच म्हणतो ना.

मी वसईची, कोळ्याची मुलगी. बाबा आयुष्यभर डोलीच्या, म्हणजे डोल जाळ्याच्या मासेमारीला गेले, आता घरीच असतात. माझ्या नवऱ्याने ऑफिसच्या मित्राकडून हा गेम आणला, मी मोरी, म्हणजे शार्क, जिवंत पोहताना पहिल्यांदा बघितली. मासे मी जन्मापासून बघतेय पण टोपलीत, बर्फात, पाटीवर. पोहताना कधीच नाही. मला रडू आलं आणि नवरा हसला. यात हसण्यासारखं काय?

काहीच नाही. हसू दे त्याला, तो टोपलीतला मासा विकत घेणाऱ्या घरातला असेल.

मला तुमच्या पत्राने माझंच एक लक्षात आलं. आपण किनाऱ्यावरची माणसं माशांना त्यांच्या चवीने ओळखतो, काट्यांनी ओळखतो, भावाने ओळखतो. पापलेट म्हटलं की डोळ्यांपुढे तवा येतो. ते कसं वळतं, थव्यात कुठे असतं, रात्री काय करतं, हे तुमच्या बाबांसारख्या माणसांना थोडंफार माहीत असतं, बाकी कोणाला? मी लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात गेले होते, मरीन ड्राइव्हवरचं ते, १९५१ साली सुरू झालेलं, तिथे काचेला नाक लावून मी एका मोठ्या माशाकडे बघत उभी राहिले आणि मामा म्हणाला हा तर आपण खातो. मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं, नक्की काय ते सांगता आलं नव्हतं, तुमचं पत्र वाचून कळलं.

गेममधल्या मोरीबद्दल एक सांगते, पुढचं सगळं सांगत नाही. ती मोठी पांढरी मोरी पहिल्यांदा येते तेव्हा भीतीदायक दाखवलीये, तुमच्यासोबत पोहणाऱ्या छोट्या यंत्रांपैकी एकाचा ती चुरा करते. तिथे गेम सोडून देऊ नका. पुढे त्याच मोरीजवळ पाणबुड्या थांबतो, हात ठेवतो, आणि तिथे मला बराच वेळ बटण दाबावंसं वाटलं नाही. तुम्हाला रडू आलं ते कुठल्या भागात मला माहीत नाही, पण त्या भागात येणारच. बाबांना शेजारी बसवा. बोंबील मात्र मला तरी त्यात कुठे दिसला नाही, त्यांनी विचारलं तर सांगा.

मॅडम, मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकतो. गेम सुंदर आहे मान्य, पण त्यातले मासे खरे आहेत का? एवढे हजारो मासे एकावेळी कसे पोहतात, कॉम्प्युटर हँग कसा नाही होत? आणि पुढे एका भागात जे प्राणी येतात ते तर कुठल्या पुस्तकात एकत्र नाहीत!

हा प्रश्न आला म्हणून मला फार बरं वाटलं. मासे खरे आहेत, म्हणजे खऱ्या जाती आहेत. समुद्रात ठिकठिकाणी मोरीच्या आकाराचे दगडी पुतळे आहेत, त्यावर जाऊन बसलं की पाणबुड्या मांडी घालून ध्यानाला बसतो आणि कॅमेरा त्याला सोडून माशांकडे जातो, एका माशावरून दुसऱ्यावर, आणि खाली त्या जातीचं नाव येतं. मी तासन्तास फक्त एवढंच केलंय. तुमच्यासारख्याने वही घेऊन बसावं. थोडं थांबून बघितलं तर मोठा मासा लहान माशाच्या मागे लागलेला दिसतो आणि खातो सुद्धा, कोणी टाळ्या वाजवत नाही, संगीत बदलत नाही, थवा जरा फाटतो आणि परत जुळतो. एवढ्या शांत गेममध्ये हे ठेवलंय म्हणून तो समुद्र खोटा वाटत नाही असं माझं मत.

हजारो माशांचं असं आहे की माणसाच्या आकृतीत जशी हाडं असतात, गेमवाले आतून एक सांगाडा बसवतात आणि तो हलवतात, तसं प्रत्येक माशाला केलं तर खरंच मशीन बसेल. त्यांनी मासे सांगाड्याशिवाय ठेवले, शेपटी हलण्याची लाट ग्राफिक्स कार्डाकडूनच गणिताने घातली, त्यामुळे एका वेळी स्क्रीनवर दहा हजारांच्या घरात मासे मावतात. आणि थव्याचं म्हणाल तर ती विद्या जुनी आहे, क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या माणसाने १९८६ मध्ये कॉम्प्युटरवर पक्ष्यांचा थवा उडवून दाखवला होता, प्रत्येक पक्ष्याला तीनच नियम दिले होते, शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी जातोय त्या दिशेने जा, आणि घोळक्यापासून फार लांब जाऊ नको. बस. पुढारी कोणी नाही, हुकूम कोणाचा नाही, आणि तरी सगळा थवा एकदम वळतो. तारल्यांचा थवा होडीखालून जाताना तुम्ही बघितला असेल, तेच.

प्राचीन प्राण्यांबद्दल तुमची तक्रार बरोबर आहे. तिथे डंक्लिओस्टियस आहे, तोंडावर चिलखत असलेला तो भला मोठा मासा, तो जवळजवळ ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि इकथिओसॉर त्याच्या कितीतरी नंतर, डायनासोरांच्या काळातले. ते एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. पण तो भाग गोष्टीत समुद्राच्या आठवणीसारखा येतो, मला तरी तो तसाच वाटला, म्हणजे समुद्राने आजवर जे जे जगवलं ते सगळं एका जागी. परीक्षेत असं लिहू नका एवढंच.

मी सांगलीला ३० वर्षं संस्कृत शिकवलं, आता निवृत्त. नातीने हा गेम दाखवला. अब्झू हे नाव ऐकून मला लगेच वेदातलं 'अप्सु' आठवलं, पाण्यांमध्ये. याचा काही संबंध आहे का, की म्हाताऱ्याला सगळीकडे संस्कृत दिसतं?

सर, तुम्हाला जे दिसलं ते तुमच्या आधी लोकमान्य टिळकांना दिसलं होतं!

गेमचं नाव आलंय मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराककडून. सुमेरी भाषेत अब्झू, अक्कडीत अप्सू, म्हणजे जमिनीच्या खाली असलेलं गोड्या पाण्याचं अथांग सरोवर, जिथून सगळ्या नद्या आणि झरे निघतात अशी त्यांची समजूत. बॅबिलोनच्या सृष्टीकथेत, एनुमा एलिशमध्ये, सुरुवातीला काहीच नसतं, फक्त अप्सू आणि तियामत, गोडं पाणी आणि खारं पाणी, एकमेकांत मिसळलेलं. गेम करणाऱ्यांनी त्या शब्दाची फोड पाणी आणि ज्ञान अशी घेतली, पहिल्या संगीताच्या तुकड्याचं नावच 'जाणणे, पाणी' अशा अर्थाचं आहे, आणि काही तुकड्यांची नावं त्या सृष्टीकथेतल्या ओळींवरून ठेवलीयेत. तुम्ही परत गेम बघाल तेव्हा भिंतींवरची चित्रं नीट बघा, बुडालेल्या देवळांमधली, सगळी गोष्ट तिथेच कोरलेली आहे कारण गेममध्ये कोणी एक शब्द बोलत नाही.

टिळकांचं असं की रा. गो. भांडारकरांच्या गौरवग्रंथात, १९१७ साली, त्यांनी खाल्डियन (म्हणजे बॅबिलोनकडच्या) आणि भारतीय वेदांवर एक निबंध लिहिला, त्यात हा अप्सू आणि ऋग्वेदात इंद्रासाठी येणारं 'अप्सुजित्' हे विशेषण शेजारी ठेवून बघितलं. आजचे भाषातज्ज्ञ हे नातं मान्य करतातच असं नाही, सारखे दिसणारे शब्द सख्खे असतातच असं नसतं हे तुम्ही मला शिकवाल. पण नातीला हे जरूर सांगा, की ज्या शब्दाचा तिने गेम लावला त्या शब्दावर टिळक विचार करत बसले होते.

मी कोल्हापूरचा, सरळ विचारतो. गेम दोन-तीन तासात संपतो असं ऐकलं. एवढे पैसे देऊन तीन तास? त्यापेक्षा क्रिकेटचा गेम वर्षभर चालतो.

खरंय, दोन-अडीच तासात गोष्ट संपते, रेंगाळलात तर तीन-चार. पैशाचा हिशेब तासाने करणार असाल तर घेऊ नका, किंवा सेल लागेपर्यंत थांबा, वर्षातून बरेचदा लागतो. मी स्वतः हा गेम नऊ-दहा वेळा खेळलेय, जसं आवडीचं गाणं आपण एकदा ऐकून ठेवून देत नाही तसं. आणि संपूर्ण न खेळता नुसतं एखाद्या पुतळ्यावर बसून मासे बघण्याची सोय आहेच. पीसी, पीएस४, एक्सबॉक्स वन आणि स्विच, कशावरही मिळतो. क्रिकेटचा गेम मात्र सोडू नका, दोन्ही वेगवेगळ्या वेळचे आहेत.

ताई, मला खोल पाण्याची भीती वाटते. म्हणजे खरंच वाटते, टीव्हीवर खाली काळं पाणी दाखवलं तरी हात गार पडतात. मैत्रीण म्हणते हा गेम खेळ, भीती जाईल. खेळू का? (पुणे, वय २४)

भीती जाईल म्हणून खेळू नकोस. कोणाच्या म्हणण्यावरून तर नाहीच.

पण तुला बघायचा असेल तर मी सांगते काय आहे ते, म्हणजे अचानक काही समोर येणार नाही. सुरुवातीचे भाग उजेडाचे आहेत, वर सूर्य दिसतो, समुद्री शेवाळाचं उंच जंगल आहे, तुला वर येऊन पाण्याबाहेर उडी मारता येते आणि ते उडी मारणं इतकं छान आहे की मी नुसत्या उड्याच मारत बसते. मधल्या एका भागात अंधार आहे, खोल आहे, आणि खूप मोठे प्राणी अंधारातून सावकाश पुढे येतात. तिथे तुला त्रास होऊ शकतो. तो भाग दिवसा, दिवा लावून, कोणी शेजारी असताना बघ, किंवा तेवढा भाग मैत्रिणीला खेळायला दे आणि तू स्वयंपाकघरात जाऊन चहा टाक, काही बिघडत नाही. त्यानंतर निळ्या देवमाशांचा जो भाग येतो तो माझ्या सगळ्यात आवडीचा, त्यात भीती नाही, नुसता आकार आहे. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी, ३० मीटरच्या आसपास, म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तरी त्याच्यापुढे कमी, आणि तो बाजूने जाताना तुझ्याकडे बघतो.

एक मात्र कळकळीने सांगते, कोणी सबनॉटिका घे म्हणालं तर घेऊ नकोस. तो पण समुद्राचा, तो पण सुंदर, पण त्यात श्वास संपतो, भूक लागते, आणि खोल गेलं की जे प्राणी अंगावर येतात त्यांच्या नुसत्या आवाजाने मी हेडफोन काढून फेकलेत. दुकानात दोन्ही एकाच रांगेत दिसतात, समुद्राचे गेम म्हणून, आणि लोक फसतात.

मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे, नाईट करते. सकाळी घरी येऊन झोप लागत नाही, डोक्यात मॉनिटरचे आवाज चालू राहतात. गेमने झोप लागते का? खरं सांगा, जाहिरात नको.

खरं सांगते. गेम हे औषध नाही, आणि झोपेआधी उजेडाच्या स्क्रीनकडे बघणं चांगलं नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अनेक आठवडे झोप नसेल तर तुमच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगा, तुम्ही लोक दुसऱ्यांचं सगळं बघता आणि स्वतःचं राहून जातं.

पण मासे बघण्याबद्दल एक खरी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथला मोठं मत्स्यालय आहे, तिथला एक भला मोठा टँक रिकामा करून परत भरायचा होता. तिथल्या संशोधकांनी तेवढ्यात माणसं आणून त्यापुढे बसवली, आधी नुसतं पाणी आणि दगड, मग थोडे मासे, मग जास्त मासे. हे २०१५ मध्ये छापून आलं. नुसत्या पाण्याकडे बघितलं तरी हृदयाचे ठोके जरा खाली आले होते, आणि मासे वाढले तसे लोक जास्त वेळ गुंतून राहिले, मनही जास्त प्रसन्न झालं. आता तो टँक होता, गेम नव्हता, म्हणून मी गेमबद्दल तसं छातीठोक म्हणणार नाही.

माझं स्वतःचं सांगते. दोन वर्षांपूर्वी वडील आयसीयूत होते, अकरा दिवस, आणि ते बीप बीप मलाही घरी ऐकू यायचं. तेव्हा मी झोपेसाठी नाही तर त्या आवाजावर दुसरा आवाज घालायला गेम लावायचे. ऑस्टिन विंटरीचं संगीत आहे, त्याच माणसाच्या जर्नीच्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं, व्हिडिओ गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला तसं ते पहिलंच. अब्झूमध्ये वाद्यवृंद आहे, हार्प आहे, आणि बायकापुरुषांचा कोरस आहे, तो कधी येतो आणि कधी जातो कळत नाही, तुम्ही पोहत राहिलात तर तो वाढतो असं वाटतं. बऱ्याच तुकड्यांना समुद्री प्राण्यांची शास्त्रीय नावं दिलीयेत, डॉल्फिनच्या भागातल्या तुकड्याला डॉल्फिनचं, निळ्या देवमाशाच्या तुकड्याला त्याचं. तुम्ही असं करून बघा, स्क्रीन नको, पडदे ओढून घ्या, पंखा लावा आणि फक्त संगीत लहान आवाजात लावून पडा. झोप नाही लागली तरी मॉनिटर जरा लांब जाईल. माझा गेला होता.

आमचा ग्रुप मे महिन्यात तारकर्लीला चाललाय, स्कूबा करायचंय. मी अब्झू आणि नवीन एंडलेस ओशन दोन्ही खेळलोय, तर खाली तसंच दिसेल का? (ठाणे)

नाही दिसणार, आणि आधी सांगून ठेवते म्हणजे वर येऊन हिरमुसणार नाही.

गेममध्ये पाणी काचेसारखं. तारकर्ली-मालवणला दिवसावर आहे, वाऱ्यावर आहे, लाटेवर आहे, कधी छान दिसतं, कधी चार-पाच मीटरच्या पुढे सगळं हिरवट धूसर. पावसाळ्यात बंदच असतं. दुसरं, रंग. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच-दहा मीटर खाली गेलं की लाल वस्तू करडी-काळपट दिसायला लागते, म्हणून टॉर्च मारला की अचानक सगळं लाल-केशरी उजळतं. अब्झूमध्ये कितीही खाली गेलं तरी लाल लालच राहतो, चित्रकाराने केलेला समुद्र आहे तो, चालायचंच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि हे नीट ऐका. गेममध्ये तुम्ही सरळ खाली सूर मारता. खऱ्या पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे दहा मीटरवर वरच्या दुप्पट. कानात दुखायला लागायच्या आधीच नाक धरून हळू फुंकर मारायची, दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं, सोबतच्या माणसाला खूण करायची. आणि श्वास कधीही, कधीही रोखून धरायचा नाही, नेहमी चालू ठेवायचा, कारण वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊ नका, पैसे गेले तरी. पोहता येत नसलं तरी तिथे नेतात, प्रशिक्षक हाताला धरून असतो, पण तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, तिथे नीट कोर्स करता आला तर तोच करा असं मी म्हणेन.

नवीन एंडलेस ओशन म्हणजे तुम्ही २ मे २०२४ ला स्विचवर आलेला ल्युमिनस म्हणत असाल, अरिका कंपनीचा. पहिला २००७ मध्ये निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आला होता, त्यात आपली स्वतःची गाणी एसडी कार्डावरून लावून पोहता यायचं, मी एका भाच्याकडे बघितला होता, त्याने त्यात नाट्यगीतं भरली होती आणि खाली कासवं पोहतायत, मला ते अजून आठवतं. ल्युमिनसमध्ये पाचशेच्या वर जाती आहेत आणि ऑनलाइन तीस जण एकत्र बुडी मारू शकतात. मला त्यात सारखं स्कॅन करत राहावं लागतं ते जरा जड जातं, मासा दिसला की आधी त्याची नोंद, मग बघणं. पण माहिती भरपूर आहे. आणि शास्त्राची आवड असेल तर बियॉन्ड ब्लू बघा, २०२० चा, त्यात मिराय नावाची संशोधक स्पर्म व्हेलच्या एका कुटुंबाच्या मागे असते, आणि खऱ्या समुद्रशास्त्रज्ञांच्या छोट्या मुलाखती मधेमधे लागतात. वरच्या रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने हा आधी घ्यावा.

आता गेमने तुमचा एक फायदा मात्र होणार आहे. पहिल्यांदा खाली जाणारी बहुतेक माणसं व्हिडिओ काढून घ्यायच्या नादात असतात, प्रशिक्षक पाव घेऊन येतो, मासे जमतात, फोटो होतो, वर. तुम्ही पुतळ्यावर बसून मासे बघायची सवय केलीये. तर खाली गेलात की पावाला नको म्हणा, हाताने खूण करून, आणि एका खडकाजवळ जरा थांबा, हात कशालाही न लावता. दोन मिनिटं काही दिसत नाही. मग खडकाच्या फटीतून एक जण डोकं काढतो, मग दुसरा, मग लक्षात येतं की जे खडक वाटत होतं त्यातलं निम्मं हलतंय. पाकट मासा तर वाळूत असा पुरलेला असतो की डोळे तेवढे वर. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक म्हणून प्रवाळांचं मोठं पठार आहे, तिथे बोटीने रात्रभर जावं लागतं, माझं अजून झालेलं नाही. तुमच्या ग्रुपपैकी कोणी तिथे जाऊन आलेलं असेल तर मला लिहा, कोणते मासे दिसले ते नावांसकट, पुढच्या अंकात छापते.